चाचा आणि दोन पेंग्विन

चंद्रपूरजवळच्या मूल गावात मला खोली हवी होती आणि चाचांना माझा कचरा बघायचा होता, तिथून आमची ओळख सुरू झाली.

मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून मी नव्यानं रुजू झाले होते. माहेर वर्ध्याचं, वय सत्तावीस आणि जंगलाशी संबंध सहलीपुरता. वसतिगृह गावाबाहेर होतं. राईस मिल संपल्या की कालवा, कालव्यापलीकडे आमची इमारत, आणि इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून झुडपी जंगल. अधीक्षिकेचं क्वार्टर चार भिंतींपर्यंत येऊन थांबलं होतं, छत अजून मंजूर व्हायचं होतं. बाजारात पत्र्याच्या कामाचं एक दुकान आहे आणि त्याच्यावरची खोली रिकामी आहे असं कळलं, म्हणून गेले.

दुकानात सत्तरीचे गृहस्थ बसले होते. पांढरी दाढी, जाळीची टोपी, हातात पत्रा कापायची कात्री, आजूबाजूला धानाच्या कोठ्या, चाळण्या आणि नरसाळी. घरमालक जे जे विचारतात त्याची उत्तरं मी वाटेतच जुळवून ठेवली होती. लग्न झालं का, मटण खाता का, पाहुणे किती येतात.

त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कचरा कोणता निंगते?"

"कचऱ्यासारखा कचरा. दुसरा कोणता निघणार?"

"असं नसते, मॅडम. ज्याले आपला कचराच मालूम नाई, त्याले डबा कोणता द्यावं?"

"पण मला डबा नकोय, खोली हवी आहे."

"खोलीसंगं डबा देतो मी. बिनाडब्याची खोली आपण देत नाई."

आठ दिवसांची ट्रायल ठरली. तोपर्यंत कचरा जुन्या पेपरवर जमवायचा आणि रोज सकाळी खाली आणून दाखवायचा. मला संताप आला होता, पण खोलीला दोन खिडक्या होत्या आणि दुसरी खोली मिळत नव्हती. अडला हरी म्हणतात तशी मी रोज सकाळी पेपरची पुडी घेऊन जिना उतरत होते. चाचा चष्मा लावून काडीनं कचरा वेगळा करायचे आणि मान हलवायचे. आठव्या दिवशी निकाल सांगितला.

"चहा लय पिता. भाजी चिरता, पण पोळी बाजारातून येते. डोक्याच्या गोळ्याचे दोन पत्ते निंगाले. अन् बदलीचा अर्ज तीनदा लिहून फाडला."

मी भडकलेच. "तुम्ही माझे कागद वाचले?"

"वाचले नाई जी. जोडून पाहाले गेलो त वाचल्या गेलं." त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता. "एक सांगतो. अर्ज एक त धाडून द्या, नाई त लिहू नोका. फाडल्यानं डबा भरते, बदली होत नाई."

त्याच संध्याकाळी दोन डबे वर आले. स्वयंपाकाच्या ओट्याखाली ठेवायचा तो छोटा, झाकणाचा. पायानं दाबलं की उघडायचा, कारण त्याला त्यांनी सायकलच्या ब्रेकची तार आणि दांडी बसवली होती. टेबलापाशी ठेवायचा तो उघडा. मी विचारलं, याला झाकण का नाही? तर म्हणाले, "कागदाले झाकण कायले? कागद वास मारते का? झाकण असलं का माणूस कागद टेबलावरच ठेवते, अन् मंग टेबलच डबा होते." हे मात्र मला पटलं, कारण माझ्या ऑफिसात तेच झालं होतं.

चाचांना गावात सगळेच चाचा म्हणत. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीपुढे चाळण्या टांगलेल्या असायच्या. धंदा कोठ्यांचा. धान निघालं की आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं कोठ्या न्यायला यायची, त्यावर घर चालायचं. डबे हा धंदा नव्हता, तो छंद होता, आणि छंदाला गिऱ्हाईक मान्य नसतं. कुणी येऊन म्हणालं, "चाचा, एक डस्टबिन द्या", की ते त्याच्याकडे असे बघत, जणू डॉक्टरला कुणी "एक औषध द्या" म्हटलं आहे. घर की दुकान? आत की बाहेर? लहान लेकरं आहेत का? बोकड पाळता का? केर कोण टाकते आणि डबा कोण उचलते? हे शेवटचं ते फार बारकाईनं विचारत. टाकणारा आणि उचलणारा वेगळा असला तर डबा उचलणाऱ्याच्या मापानं हवा, हा त्यांचा कायदा होता.

शेजारच्या शिंप्यानं झाकणाचा डबा मागितला तेव्हा त्यांनी तो दिलाच नाही. "तुह्या चिंध्या मिनिटा-मिनिटाले पडतात. झाकण उघडशीन का मशीन चालवशीन?" त्याला मशीनच्या बाजूला अडकवायची पत्र्याची उघडी पेटी करून दिली. मिठाईवाल्याला अरुंद तोंडाचा दिला, माशांसाठी. दवाखान्यात सुयांचा डबा कंपाउंडरच्या हाताजवळ नव्हता, म्हणून आपला स्वतःचा खोकला विसरून तो आधी जागेवर आणवला. डॉक्टर म्हणाले, चाचा, तपासायचं कुणाला, तुम्हाला की मला?

"डबा हाताले जवळ पायजे अन् नाकाले दूर पायजे," असं ते म्हणत. हे दोन्ही एका वेळी कसं जमवायचं हे मात्र ते प्रत्येकाला वेगळं सांगत.

कुणाच्या घरी गेले की बसायच्या आधी आत जाऊन डब्याचं झाकण उचलून बघत. लोकांना सवय झाली होती. एका घरी तर सुनेनं मला सांगितलं, चाचा दिसले की आम्ही चहा नंतर ठेवतो, आधी डबा रिकामा करतो. चाचींना या सगळ्याचं हसू यायचं आणि वैताग पण यायचा. त्या माझ्यापाशी म्हणायच्या, "निकाह के बाद लोग घूमने जाते. मेरे को ये गाँव के बाहर कचरे का गड्ढा दिखाने ले गए." मग स्वतःच पुढे, "लेकिन अच्छा समझाया."

गावात घरोघरी हिरवे-निळे डबे वाटले गेले, तेव्हा चाचा आठवडाभर खुशीत होते. मग एकेका घरी जाऊन बघून आले. हिरव्यात तांदूळ होते, निळ्यात पाणी. मी म्हटलं, लोकांना कळतच नाही. ते म्हणाले, "लोकाईले बरोबर कळते. डबा एवढा चांगला आहे का त्यात कचरा टाकाले जीव होत नाई. देणाऱ्यानं आधी इचारलं पायजे होतं, का बावा तुह्याकडं तांदूळ ठेवाले काई आहे का नाई." हे त्यांचं बोलणं मी पुढे एका मिटिंगमध्ये माझं म्हणून सांगितलं आणि वाहवा मिळवली.

एकदा लग्नाला मी त्यांच्यासोबत गेले होते. उभ्यानं जेवण, आणि ताटं टाकायचा भला मोठा ड्रम वाढपाच्या टेबलाला चिकटून. साहजिकच ताटं मैदानभर पडलेली. चाचांनी ताट घेतलं, दोन गुलाबजाम घेतले आणि खात खात चालू लागले. गुलाबजाम संपले तिथे थांबून चपलेनं रेघ मारली. परत आले, पुन्हा दोन घेतले, पुन्हा चालले, पुन्हा रेघ. असं सहा वेळा. नवरदेवाचे काका मला कानात म्हणाले, "बुढ्याले आवरा, शुगर वाढन." चाचा सगळ्या रेघा बघून म्हणाले, "माणूस जेवत जेवत चालते. जिथी घास संपते तिथी डबा पायजे." चार जणांना लावून ड्रम तिथे ओढून नेला. नंतर जेवलेल्यांचं एकही ताट जमिनीवर पडलं नाही. काकांनी चाचांना आणखी दोन गुलाबजाम आणून दिले. त्यांनी तेही खाल्ले.

आता त्या दोन पेंग्विनांकडे येते, कारण त्यांच्याशिवाय चाचा सांगून होणार नाहीत, आणि माझी चूकही.

वसतिगृहाला स्वच्छतेच्या सामानासाठी मंजुरी आली होती. मी कॅटलॉग उघडलं आणि माझ्या डोळ्यांत पेंग्विन भरले. बागांमधून असतात ना, कमरेइतके उंच, पोट पांढरं, पंख पसरलेले, चोच आऽ वासलेली आणि पोटावर 'मला खाऊ द्या' असं लिहिलेलं. मी दोन मागवले. मुली नाचल्या. सहावीतल्या एकीनं एकाला टिकली लावली. तपासणीच्या वेळी पुढचं अंगण मोकळं दिसावं म्हणून मी ते दोघे स्वयंपाकघराच्या मागं, भिंतीपाशी ठेवून दिले. चाचांना मोठ्या हौसेनं दाखवायला नेलं.

चाचा पेंग्विनभोवती एक फेरी मारून आले. चोचीत हात घालून बघितला. पायानं जरा ढकलला, तर तो डुलला.

"हा पक्षी इथला नाई," ते म्हणाले.

"हो, बर्फातला असतो."

"तेच म्हणतो. बर्फात याचं तोंड उघडं राह्यलं त चालन. इथी मांगं जंगल आहे, मॅडम. याच्या तोंडात भात टाकान त कुत्रा येईन. कुत्र्याच्या मांगं बिबट येईन."

मी हसले. मला वाटलं, पत्र्याच्या माणसाला प्लास्टिक आवडत नाही, बाकी काही नाही. तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते रागावले नाहीत. सायकल घेऊन निघून गेले.

पुढे महिना-दीड महिन्यात पेंग्विनांनी गावातली कुत्री गोळा केली. रानडुकरांनी त्यांना दोनदा आडवं पाडलं. आमची स्वयंपाकीण शेवंताबाई त्यांना उभं करायची आणि उरलेला भात पुन्हा चोचीत घालायची. मला कुत्री दिसत होती आणि मी त्यांना हाकलायला सांगत होते. कुत्री का येतात, हे एकदाही मनात आलं नाही.

आणि एका संध्याकाळी, मुली ओसरीवर जेवायला बसलेल्या असताना, बिबट मागच्या भिंतीवरून आला. पेंग्विनपाशी भात खाणारं कुत्रं उचललं आणि गेला. एवढंच झालं. कुणाला ओरखडा नाही. पण बेचाळीस मुलींनी ते पाहिलं होतं.

सकाळ उजाडायच्या आत फोन गेले होते. नऊ वाजेपर्यंत फाटकाबाहेर मोटारसायकली, ऑटो, ट्रॅक्टर. आई-बाप, मामा, काका. मी प्रत्येकाला समजावत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. एक आई मला म्हणाली, "बाई, पोरगी शिकली नाई त चालन. पण असली पायजे." दुपारी शेवटची मुलगी, दहावीतली वनिता, तिच्या मामाच्या मोटारसायकलवर बसली. वर्गात पहिली येणारी मुलगी. गडबडीत तिची पेटी राहिली. तिनं वळून विचारलं, "मॅडम, परीक्षेचं कसं होईन?" मी म्हटलं, बघू. त्या 'बघू'ची मला अजून लाज वाटते.

वनरक्षक आले, कॅमेरे लावून गेले. झुडपं तोडा म्हणाले. जिल्ह्याच्या ऑफिसातून फोन आला की महिनाअखेर मुली परतल्या नाहीत तर वसतिगृह दुसरीकडे जोडावं लागेल. ते दुसरीकडे म्हणजे एवढं लांब होतं की या गावांतली एकही मुलगी तिथे गेली नसती. हातात बावीस दिवस होते.

मी चाचांकडे गेले. दुकानाच्या पायरीवर बसून रडले, अगदी हुंदके देऊन. चुकलं माझं, म्हटलं. त्यांनी "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. कात्री खाली ठेवली, सायकल काढली आणि म्हणाले, "चला. आधी कचरा पाहू."

रिकाम्या वसतिगृहात त्यांनी ताडपत्री अंथरली. दोन्ही पेंग्विन, स्वयंपाकघर, खोल्या, मागची भिंत, सगळीकडचा कचरा तिच्यावर ओतायला लावला आणि बादली पालथी घालून समोर बसले. भात, डाळ, सालं, वहीची पानं, रिफिली, केसांचे गुंतवळ. काडी फिरत होती. मग भिंतीपलीकडून आणलेल्या ढिगापाशी काडी थांबली. त्यांनी शेवंताबाईला चहा करायला पाठवलं आणि मग माझ्याकडे न बघता बोलले.

"मॅडम, रागावू नोका. माह्या घरी चार पोरी लहानाच्या मोठ्या झाल्या, म्हणून बोलतो. तुमच्या पोरी महिन्याचं सामान भिंतीवरून मांगं फेकून राह्यल्या. बाथरूमात त्याईच्यासाठी डबाच नाई. कुत्रे भातासाठी येतात, तसे याच्यासाठी बी येतात."

मी बाई. मी अधीक्षिका. बेचाळीस मुलींच्या वसतिगृहासाठी मी पेंग्विन निवडले, आणि न्हाणीघरात एक झाकणाचा डबा ठेवायचं मला सुचलं नव्हतं. त्या पोरी बिचाऱ्या संध्याकाळी अंधार पडायची वाट बघत असतील, कागदात गुंडाळून भिंतीपाशी जात असतील, त्याच भिंतीपाशी. मला तिथे ताडपत्रीवर बसकण मारावीशी वाटली.

"आता रडू नोका," चाचा म्हणाले, "फीत धरा."

त्या दिवसापासून वसतिगृहाचा ताबा चाचांनी घेतला. मी फीत धरायची, पत्रा धरायची, चहा आणायची, माप कागदावर लिहायची. ते हुकूम सोडायचे. बाहेरच्या कचऱ्यासाठी डांबराचे दोन रिकामे पिंप आणले, घासून धुतले. ते जमिनीपासून हातभर वर, दोन लोखंडी खांबांच्या मध्ये पक्के बसवले, म्हणजे डुकरानं धडक मारली तरी पडायचे नाहीत. तळाला भोकं, ओलं साचू नये म्हणून. आणि जागा? मी मागं दाखवली, तर म्हणाले, "नाई. पुढं. फाटकापाशी, लाइटाखाली. मांगं ठेवला का माणूस विसरते. दारात ठेवला का लाज वाटते, अन् घंटागाडीवाल्याले बी बहाणा राहत नाई." खरकटं त्यात टाकायचंच नाही. त्याच्यासाठी शेवंताबाईकडे वेगळी घट्ट झाकणाची बादली, आणि रोज अंधार पडायच्या आत कालव्याजवळच्या गोठ्यात म्हशींना.

झाकणावर मात्र गाडं अडलं. आमच्याकडे वांदरं फार. चाचांनी पहिलं झाकण बसवलं, आत पेरू ठेवले आणि दूर खुर्ची टाकून बसले. परीक्षा, म्हणाले. वांदरांनी साधी कडी पेरूचा वास घेऊन होईपर्यंत उघडली. दुसऱ्या दिवशी वळवायची खिटी लावली. एका म्हाताऱ्या वांदरानं बराच वेळ विचार केला, खिटी फिरवली आणि चाचांकडे बघत पेरू खाल्ला. तिसरं झाकण पास झालं. वांदरं हरली, पण शेवंताबाईही हरली. तिनं दोन्ही हातांनी ओढलं, मग म्हणाली, "चाचा, वांदराईले थांबवलं का मले?" चौथ्या दिवशी त्यांनी झाकणाला वजन लावलं आणि उघडायची दांडी खाली पायाशी नेली. उभं राहून एका पायानं दाबून धरायची आणि हातानं टाकायचं. वांदरं सगळी झाकणावरच चढून बसत होती, त्यामुळे त्यांच्याच वजनानं ते बंद राहत होतं. चाचा एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

त्याच दिवशी फाटकात एक माणूस येऊन उभा राहिला. काळा, उंच, डोक्याला टॉवेल. वनिताचा बाप. आतल्या गोंडांच्या गावातला. पेटी न्यायला आला होता. पोरीची शाळा-बिळा आजवर तिची आई बघायची, त्यामुळे मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. त्यानं वांदरांचा तमाशा बघितला, पिंप वाजवून बघितलं, वाकून वास घेतला. मग टॉवेल काढून चाचांना "जोहार" म्हणाला.

"आमच्या गावात बिबट घरापाशी येत नाई," तो चाचांना म्हणाला. "उरलं-सुरलं ढोराले जाते, बाकी शेणाच्या खड्ड्यात. त्याच्यासाठी काई ठेवतच नाई आमी."

"इथी ठेवलं होतं," चाचा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. "आता नाई ठेवत."

"तुमी सांगान, अन् मी मानीन, असं नाई. मी पाहीन."

"पाहा ना. राहा इथीच."

तो खरंच राहिला, रखवालदाराच्या खोलीत. संध्याकाळी तो पिंपांभोवती, मागच्या भिंतीच्या कडेनं आणि ओसरीसमोर कालव्यातली बारीक रेती पसरायचा आणि सकाळी उकिडवा बसून वाचायचा. चाचा सायकलवरून आले की दोघं मिळून वाचायचे, आणि मी त्यांच्यासाठी चहा घेऊन मागं उभी राहायची. पहिल्या सकाळी कुत्रीच कुत्री, डुक्कर, एक साळिंदर. दुसऱ्या सकाळी भिंतीच्या कडेनं बिबटाचे पंजे, येऊन परत गेलेले. चौथ्या सकाळपर्यंत कुत्री कमी झाली, कारण त्यांना इथं काही मिळत नव्हतं. पाचव्या दिवशी बिबट पुन्हा आला होता, पण भिंतीच्या बाहेरूनच गेला. सहाव्या, सातव्या, आठव्या दिवशी रेतीवर वांदरं आणि आमच्या चपला.

"तो जंगलात आहे," वनिताचा बाप म्हणाला. "तो राह्यीनच, त्याचं घर हाय. पण इथी त्याचं काम नाई आता."

मला वाटलं, झालं, आता हा म्हणेल की पोरीला आणतो. तो उठला, आत गेला, वनिताची पेटी खांद्यावर घेतली, चाचांना जोहार केला आणि चालू लागला. कालव्याच्या पुलावरून ती हिरवी पेटी दिसेनाशी होईपर्यंत मी फाटकात उभी होते. चाचा म्हणाले, "जाऊ द्या, मॅडम. आपलं काम राह्यलं आहे." आणि न्हाणीघराकडे गेले.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. मी पालकांना फोन करत होते. कुणी उचलत नव्हतं, उचललं तर "पाहू" म्हणत होतं. माझाच शब्द मला परत मिळत होता. बंद करायच्या प्रस्तावाचा मसुदा मी लिहायला घेतला, कारण ऑफिसला तो हवा होता. चाचा मात्र रोज येत होते. न्हाणीघरांसाठी सहा डबे केले त्यांनी, झाकणाचे, पायाच्या दांडीचे. काठ आतून वळवलेले, कुणाचं बोट कापू नये म्हणून. एकदा मी चिडून म्हटलं, चाचा, कुणासाठी करताय, इथे कोण आहे? ते म्हणाले, "पोरी आल्यावर त्याईच्यासमोर मी बाथरूमात ठोकठाक करत बसू का? आताच बसवून घेतो." मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं. हल्ली चाचा चंद्रपूरला धाकट्या मुलीकडे असतात, हात थरथरतो म्हणून कात्री सुटली आहे. मला ते आठवतात ते त्या दिवसांतले, रिकाम्या इमारतीत एकटे ठोकत बसलेले.

महिना संपायला तीन दिवस होते. सकाळी अकराच्या सुमाराला फाटकाशी एक मालवाहू टेम्पो थांबला. मला वाटलं, ऑफिसनं सामान न्यायलाच पाठवला. मागच्या फळीवरून आधी ती हिरवी पेटी खाली आली, मग वनिता, मग आणखी मुली, मग पुन्हा पेट्या. मी मोजत होते आणि मला मोजता येत नव्हतं. सतरा होत्या. चार गावांच्या.

वनिताचा बाप टॉवेलनं तोंड पुसत पुढे आला. "बायकोले पेटी आणतो म्हणून शब्द देला होता," तो म्हणाला. "म्हणून नेली. रेतीत काय पाह्यलं ते सांगतलं तिले. तिनंच पोरीसंगं परत धाडली. बाकीच्या गावाईत फिराले चार दिवस लागले. उरलेल्या सोमवारी येतीन."

मी विचारलं, "भाऊ, तुम्ही सगळ्यांना सांगितलं तरी काय?"

"काय सांगाचं? म्हटलं, तिथले मोठे साहेब मी आठ दिवस पाह्यले. पोरीईच्या कचऱ्याची जो माणूस एवढी काळजी करते, तो पोरीईची करनच." मग त्यानं मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं. फीत धरणारी, चहा आणणारी, मागं उभी राहणारी बाई त्यानं ओळखली. चांगल्या शब्दांत म्हणाला, "बाई, तुमच्या साहेबाले सांगा ना आत जाऊन. वनिताचा बाप आला म्हणा."

वनिता त्याला काही सांगायला तोंड उघडत होती. मी तिला मानेनंच नको म्हटलं.

न्हाणीघरात चाचा भिंतीकडे तोंड करून सहाव्या डब्याचा शेवटचा खिळा ठोकत होते. बाहेरचा आवाज त्यांना ऐकू गेला नव्हता. नोकरीत मी पुष्कळांना साहेब म्हटलं आहे, खुर्ची बघून. मी दारात उभी राहिले, डोळे पुसले आणि त्यांची हातोडी थांबायची वाट बघितली.

"साहेब," मी म्हटलं, "पोरी आल्या."